बाबांसाठी ब्युरोची केअरटेकर: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोने न सांगता बाबांना सांभाळणाऱ्या मावशी बदलल्या, म्हणून लिहायला बसलो. बारा तासांची ड्यूटी, जेवणखाण आपल्याकडे, डिपॉझिट, सुट्ट्या हे सगळं तुम्हाला माहीतच असेल.

पॅरालिसिसच्या झटक्यात बाबांची डावी बाजू गेली. पहिल्या मावशींचं काम मला कळलं ते शर्ट घालताना. लुळा हात आधी. बाहीच्या तोंडातून त्या स्वतःचा हात आत घालायच्या, बाबांचा पंजा धरायच्या आणि बाही अलगद खांद्यापर्यंत सरकवायच्या. दुसरा हात बाबांच्या कोपराखाली आधाराला. मग चांगला हात. काढताना उलट, चांगला हात आधी मोकळा. झटक्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडतात, हात धरून ओढलं की सांधा जागेवरून सरकू शकतो. केअरटेकर ठेवताना बायोडेटा बाजूला ठेवा, शर्ट घालून दाखवायला सांगा.

महिन्याला २४,००० रुपये मला सुरुवातीला जड वाटले. पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड (हवेची गादी) घेतलाय, मग दिवसभर माणूस कशाला, असा माझा हिशोब होता. आता मत पूर्ण बदललंय. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. माकडहाड आणि टाचा रोज बघाव्या लागतात. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. टाचेवरचा तसला डाग मावशींनीच हेरला. चोळला अजिबात नाही, पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली. जखम झाली नाही. तिथे माझे पैसे वसूल झाले.

संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या २४,००० मधले मावशींच्या हातात १६,००० पडतात. अंग पुसणं, डायपर, भरवणं, जेवणानंतर अर्धा तास टेकवून बसवणं सगळं त्यांनी करायचं, आणि ८,००० दर महिन्याला ब्युरोला.

नव्या मावशी मायाळू आहेत, पण त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. पहिल्याच सकाळी बाबांना डाव्या दंडाला धरून उठवलं. बाबा कळवळले. ब्युरोला फोन केला तर, "साहेब, आमच्याकडे सगळ्या ट्रेन्डच आहेत." जीडीए (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवेच्या) कोर्सचं सर्टिफिकेट मागितलं, तर म्हणे अनुभव आहे. वर बदलीची फी पुन्हा मागितली! मी दिली नाही, देणारही नाही.

बाही कशी चढवायची ते मी आणि फिजिओने मिळून नव्या मावशींना दाखवलं. त्यांनी लगेच उचललं, आता छान जमतं. त्यामुळे मावशींना, दोघींनाही, पाच तारे. ब्युरोला एक.

यापुढे बदली करायची असेल तर जुन्या आणि नव्या मावशी एक दिवस बरोबर हव्यात. त्या दिवसाचा जादा पगार मी देईन, थेट मावशींच्या हातात. ब्युरोला तसं लेखी कळवलंय, अजून उत्तर नाही. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर डिपॉझिट परत मागणार आहे.