बदक की कोंबडी? बर्ड फ्लूचा हिशेब धरून

परसात पंचवीस-तीस पक्षी पाळायचं ठरवलंय आणि कुणीतरी “बदकं घ्या, त्यांना रोग लागत नाही” असं सांगितलंय? सांगणाऱ्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

बदकाकडे रिग-आय नावाचं जनुक आहे. फ्लूचा विषाणू पेशीत शिरला की त्याचा आरएनए (विषाणूचा जनुकीय मजकूर) ते ओळखतं आणि लगेच इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांची यंत्रणा जागी करतं. कोंबडीत हे जनुकच नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली बदकाचं हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातलं, तर तिथं विषाणूची वाढ मंदावली. म्हणजे एच५एन१ हा बर्ड फ्लूचा घातक विषाणू शेडमध्ये शिरला की कोंबड्या पटापट का मरतात, याचं निदान एक कारण तरी हाती लागलं.

मग बदकच बरं? गोम इथंच आहे. बदक तगलं म्हणजे विषाणू संपला असं नाही. वरून ठणठणीत दिसत ते विष्ठेतून विषाणू पाण्यात सोडत राहतं. शिवाय एच५एन१चे काही प्रकार बदकांनाही मारतात. सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढ्याकडं उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस उतरतात. चीनच्या चिंघाई सरोवरावर २००५ मध्ये याच जातीचे पक्षी एच५एन१नं मोठ्या संख्येनं मेले होते. तुमची बदकं त्याच पाण्यात सोडणार असाल तर रिग-आयच्या भरवशावर राहू नका.

गावरान, गिरिराज की कडकनाथ, हा प्रश्न इथं गौण आहे. कडकनाथ काटक असेल, पण रिग-आय त्याच्याकडंही नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्याच, पण ती मानमोडीपुरतीच, बर्ड फ्लूवर नाही.

जनुक बदललेल्या कोंबड्यांची बातमी वाचून थांबला असाल, तर थांबू नका. एडिनबरोच्या रोझलिन संस्थेत एएनपी३२ए जनुकात (फ्लूचा विषाणू वाढीसाठी याचाच आधार घेतो) बदल केलेल्या १० कोंबड्यांपैकी ९ जणी विषाणूच्या साध्या मात्रेला बधल्या नाहीत. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्रा हजारपट केली तेव्हा निम्म्यांना लागण झाली, आणि विषाणूनंही स्वतःत बदल करून दुसरी वाट काढली. ही पिल्लं आपल्या बाजारात येणार नाहीत इतक्यात.

माझं मत विचाराल तर सोलापूर शहरात, अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या कोरड्या पट्ट्यात कोंबडीच घ्या. खुराड्याला वरून जाळी, पाणी बोअरचं, दाणा झाकलेला. बदकं हवीच असतील तर फक्त बदकं ठेवा, तीही बंदिस्त. चोच आणि डोळे बुडतील एवढं खोल भांडं त्यांना पुरतं. दोन्ही एकत्र मात्र अजिबात नकोत. रोग निघाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळेच पाळीव पक्षी मारले जातात, बदकंसुद्धा.