ईसीयू बदलला म्हणाले, पण बदललाच नव्हता

मोटारसायकलचा ईसीयू, म्हणजे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, बदलला म्हणून माझ्याकडून ११,४०० रुपये घेतले. प्रत्यक्षात ईसीयू बदललाच नव्हता, आणि तो बिघडलेलाही नव्हता. बिघाड होता सायलेन्सरजवळ जळालेल्या एका वायरचा. ज्यांच्याकडे २०२० नंतरची, फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे त्यांनी हे जरूर वाचावं, म्हणून सविस्तर लिहितोय. वर्कशॉपचं नाव देत नाही. सोलापुरातलं मोठं, कंपनीचा बोर्ड असलेलं वर्कशॉप आहे, एवढं पुरे. मला सांगायची आहे ती पद्धत, कारण ती कोणाच्याही बाबतीत वापरता येते.

मी अक्कलकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. सोलापुरातून वळसंगमार्गे रोजचं जाणं-येणं. गाडी १२५ सीसीची, २०२० च्या दिवाळीत घेतलेली, वॉरंटी संपलेली. गेल्या उन्हाळ्यात मीटरमधली इंजिनची पिवळी लाइट लागायला लागली. कधी दिवसभर जळायची, कधी आपोआप जायची. गाडी पळत होती, पण ॲव्हरेज लिटरमागे दहा-बारा किलोमीटरने उतरलं आणि मागून पेट्रोलचा वास येऊ लागला.

वर्कशॉपमध्ये सीटखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. काउंटरवरचा मुलगा स्क्रीन स्वतःकडे वळवून पाच मिनिटं बघत होता. मग म्हणाला, "सर, ईसीयू गेलाय."

"कशावरून?"

"स्कॅनरला एरर आलाय ना."

"कोणता एरर? नंबर सांगा, लिहून घेतो."

"नंबर कस्टमरला देत नाही सर. कंपनीची पॉलिसी आहे. आणि दिला तरी बाहेर कोणाला कळणार नाही, त्याचं बुक फक्त आमच्याकडं असतं."

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. माझी सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. माझ्या गाडीत काय बिघडलं हे माझ्या गाडीनेच सांगितलं होतं, आणि ते मला सांगायला समोरचा माणूस नकार देत होता. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस होते, वळसंगच्या पुढे आत जायला वेळेवर वाहन नाही. मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. लाइट गेलेली. ईसीयू ११,४००, स्कॅनिंग ५००, मजुरी ६००, एकूण साडेबारा हजार. जुना ईसीयू मागितला तर "तो कंपनीला परत जातो" असं उत्तर आलं. हातात कागद दिला त्यावर "एस्टिमेट" असं छापलेलं होतं, ईसीयूसमोर नुसतं "इलेक्ट्रिकल पार्ट" लिहिलं होतं. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही.

पुढच्या महिन्यात लाइट पुन्हा लागली.

या वेळी गाडी पूर्व भागातल्या एका गॅरेजवर नेली. तिथले मिस्त्री, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, कार्बोरेटरच्या काळापासून हे काम करतात. त्यांनी आधी काही उघडलं नाही. "लाइट गाडी थंड असताना लागते का गरम झाल्यावर? खड्ड्यातून गेल्यावर लागते का?" असे प्रश्न विचारले. मग कपाटातून छोटा स्कॅनर काढला. स्वतःच्या पैशांनी घेतलेला, सगळ्या गाड्यांचे फक्त सामाईक कोड वाचणारा. आकडा आला तो त्यांनी मला दाखवला आणि माझ्याच वहीत लिहायला लावला: पी-००३१.

या आकड्याचा अर्थ हे कुठल्याही कंपनीचं गुपित नाही. 'पी' म्हणजे इंजिन आणि त्याच्याशी जोडलेली यंत्रणा. त्यापुढे शून्य असेल तर तो कोड प्रमाणित, म्हणजे गाडी कुठलीही असो, अर्थ तोच. एक असेल तर तो त्या कंपनीने स्वतः ठरवलेला, आणि खरी अडचण तिथे येते. पी-००३१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. हा सेन्सर सायलेन्सरच्या बेंड पाइपवर बसतो, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो, आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. तो चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. सेन्सरकडून खबर येईनाशी झाली की ईसीयू ठरावीक हिशेबाने पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडणं आणि पेट्रोलचा वास, दोन्हींचं कारण तेच. ईसीयू आपलं काम चोख करत होता. उलट बिघाड पकडून सांगणारा तोच होता.

अण्णांनी मल्टीमीटर लावून सेन्सरचा हीटर तपासला. चांगला निघाला. मग कपलरपासून, म्हणजे वायरी जिथे एकमेकींत खोचतात त्या जोडापासून, मागे वायर तपासायची होती, पण चार वायरींतली कोणती कुठे जाते हे कळायला वायरिंगचा नकाशा हवा. तो त्यांच्याकडे नव्हता. कंपनी बाहेरच्या मिस्त्र्यांना तो देत नाही. त्यांनी मिस्त्र्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, आणि तासाभराने कोणीतरी मोबाइलवर काढलेला एका पानाचा तिरका, अर्धवट फोटो पाठवला. तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला एक साधा नकाशा चोरीच्या मालासारखा मिळवावा लागतो, याचा मला त्या दिवशी फार संताप आला. अजूनही येतो.

फोटो पाहून वायर सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वायर धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप निघून गेली होती. वायर खाली लोंबून गरम बेंड पाइपला टेकली होती, वरचं प्लास्टिक वितळून आतली तार तुटत आली होती. गाडी हलली की जोड सुटायचा, पुन्हा लागायचा. म्हणूनच लाइट ये-जा करत होती. अण्णांनी तुकडा जोडून टाका मारला, वरून उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली, नवी क्लिप बसवली. सगळ्याचे मिळून अडीचशे रुपये.

मग मी ईसीयूचं सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत, सीट काढली आणि मला जवळ बोलावलं. "गुरुजी, हे बघा. हा नवा आहे का?" ईसीयूवर चार वर्षांची धूळ पावसाच्या पाण्याने घट्ट बसलेली होती. स्क्रूवर फॅक्टरीत मारलेली पिवळ्या रंगाची रेघ जशीच्या तशी. स्क्रू एकदा जरी फिरला असता तरी ती रेघ तुटली असती. स्टिकरवरचा उत्पादनाचा महिना २०२० चा, मी गाडी घेतली त्याच्या आधीचा. वर्कशॉपने केलं होतं एवढंच, की स्कॅनरने कोड पुसून टाकला होता. कोड पुसला की लाइट जाते. बिघाड तिथेच राहतो आणि तार पुढच्या वेळी नीट सुटली की लाइट परत येते. लाइट जाणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे प्रत्येक गाडीमालकाला माहीत असलं पाहिजे.

काहीही हलवण्याआधी अण्णांनी मला सगळ्याचे फोटो काढायला लावले. पुढे तेच कामी आले.

मी वर्कशॉपला जाऊन भांडलो नाही. लेखी अर्ज नेला. चार गोष्टी मागितल्या: त्या दिवशी स्कॅनरने दाखवलेला कोड, बसवलेल्या नव्या ईसीयूचा पार्ट नंबर आणि सिरियल नंबर, काढलेला जुना ईसीयू, आणि रीतसर टॅक्स इनव्हॉइस. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन पोच घेतली. मॅनेजर म्हणाले, "सिस्टीममध्ये बदललेला दिसतोय." मी म्हटलं, "मग सिस्टीममधला नंबर द्या, गाडीतल्या नंबराशी जुळवू." त्यावर उत्तर आलं नाही. आठवडाभर वाट पाहून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीत बोलता येतं. त्यानंतर वर्कशॉपचा फोन आला. ईसीयूचे ११,४०० परत मिळाले. मजुरी आणि स्कॅनिंगचे अकराशे दिले नाहीत. "माझी कोणतीही तक्रार नाही" असं टाइप केलेला कागद सहीसाठी पुढे केला. त्यावर मी सही केली नाही. "११,४०० रुपये मिळाले" एवढंच हाताने लिहून सही करून दिलं. तुमच्यावरही अशी वेळ आली तर तेवढंच लिहा.

माझे पैसे बरेचसे परत आले, पण हा विषय माझ्या पैशांपुरता नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचं बीएस-६ हे नवं मानक लागू झालं आणि जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींतून साधा कार्बोरेटर गेला. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण पूर्वी सोलापूरच्या कन्ना चौकातला मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरने जे बघू शकत होता ते आता एका पेटीत गेलं, आणि त्या पेटीशी बोलायची सोय कंपनीने स्वतःकडे ठेवली. धूर कमी व्हावा म्हणून गाडीत बिघाड ओळखण्याची यंत्रणा सक्तीची केली, त्या यंत्रणेचं म्हणणं मालकाला समजेल अशी सक्ती मात्र केली नाही. सोलापुरात यंत्रमागावर, विडी कारखान्यात, टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या किती घरांचा रोजगार एका दुचाकीवर चालतो! त्यांच्यासाठी साडेबारा हजार ही रक्कम किती मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

हे असंच असावं लागतं, असंही नाही. युरोपीय संघाच्या २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही द्यावी लागते. फुकट नाही, वाजवी शुल्क घेऊन. पण द्यावीच लागते. तिथे गाडी विकायची तर हे पाळावं लागतं. मग तीच माहिती सोलापूरच्या मिस्त्र्याने पैसे मोजून मागितली तर का मिळू नये?

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि ते चारचाकींचं होतं. पण आयोगाने ज्या वागणुकीला चूक ठरवलं, तीच वागणूक मी दुचाकीच्या काउंटरवर अनुभवली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचाही समावेश आहे. पाऊल योग्य आहे, पण सक्तीशिवाय अपुरं आहे. माझ्या गाडीचं मालकासाठीचं पुस्तक मला सहज मिळालं. त्यात टायरची हवा आहे, चेन किती सैल असावी ते आहे. लाइट लागली तर "अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा" एवढी एकच ओळ आहे. त्या ओळीच्या जागी कोडांची दोन पानी यादी छापायला कंपनीला काहीच कठीण नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एवढं करा. लाइट लागली की "काय गेलं" हे विचारू नका, "कोड कोणता" हे विचारा, आणि तो जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय कामाला होकार देऊ नका. स्क्रीनचा फोटो मागा. लाइट मधेच विझली तरी कोड ईसीयूमध्ये काही काळ राहतो, त्यामुळे "आता दिसत नाही" हे उत्तर लगेच मान्य करू नका. ईसीयू गेला असं सांगितलं तर आधी वायर, कपलर, बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंग तपासलं का, ते विचारा. बहुतेक वेळा बिघाड तिथेच निघतो. गाडी देण्याआधी सीट काढून ईसीयूच्या स्टिकरचा आणि स्क्रूचा फोटो काढा. जुना पार्ट वॉरंटीत बदलला तर कंपनीकडे जातो हे ठीक. पण पैसे तुम्ही दिलेत तर तो तुमचा आहे, पिशवीत घालून घरी न्या.

आणि "पॉलिसी आहे, सांगता येत नाही" असं कोणी म्हणालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २ (११) त्यांच्यापुढे ठेवा. ग्राहकाला आवश्यक माहिती मुद्दाम न देणं, हे त्या कलमात सेवेतील त्रुटी म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. बिल न देणं ही त्याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा कपाटातलं ते "एस्टिमेट" फेकू नका, त्यावरची तारीख बघा.