थेरपीचा खर्च कोण देणार: मेडिक्लेम, ऑफिसचा विमा की सरकारी ओपीडी?

खाजगी थेरपिस्टची फी सेशनला दीड हजार धरली, तर आठवड्याला एक याप्रमाणे बारा सेशनचे १८,००० रुपये होतात. शिवाय तीन महिन्यांत काम संपेलच असं नाही. मग घरातलं कुणीतरी विचारतं, ‘मेडिक्लेम आहे ना, त्यात नाही का बसत?’ बहुतेक वेळा नाही बसत.

‘पण कायदा आहे ना!’ हो, आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४): शारीरिक आजारांना ज्या आधारावर विमा देता, त्याच आधारावर मानसिक आजारांनाही द्या. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं बजावलंही. गोम ‘त्याच आधारावर’ या शब्दांत आहे. मधुमेह असलेल्या माणसाची दर महिन्याची डॉक्टरची फी साधी मेडिक्लेम देत नाही. तो ॲडमिट झाला की देते. मानसिक आजारालाही तोच नियम. तीव्र नैराश्यामुळे दवाखान्यात राहावं लागलं तर क्लेम करता येतो, आठवड्याला पाऊण तास बोलायला जाण्याचा नाही. एक फट मात्र आहे. ॲडमिट होऊन घरी आल्यावर ठरावीक दिवस, बऱ्याच पॉलिसींत ६०, त्याच आजाराच्या तपासणीचा आणि औषधांचा खर्च मिळतो. पॉलिसीत समुपदेशन वगळलेलं नसेल तर ती बिलंही लावून बघावीत.

आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवचही ॲडमिट होण्यासाठीच आहे, म्हणून थेरपीच्या हिशोबातून ते बाजूला ठेवा.

ओपीडी रायडर: घेण्याआधी वजाबाकी करा

जादा पैसे भरून मेडिक्लेमला ओपीडीचा खर्च जोडून मिळतो. जाहिरातीत ‘मानसिक आरोग्यासह’ असं ठळक लिहिलेलं असतं. समजा, वर्षाची मर्यादा १०,००० आणि त्यासाठीचा जादा प्रीमियम ५,०००. म्हणजे मर्यादा पूर्ण वापरली तरी तुमचा फायदा पाच हजारांचा, जेमतेम तीन सेशनचा. त्याच मर्यादेत दात, डोळे आणि रक्ततपासणीही असेल, तर तेवढाही नाही. मला हा पर्याय फक्त थेरपीसाठी घेण्यासारखा वाटत नाही. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालूच असतील, तर गणित वेगळं.

तरीही घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी लेखी विचारा. पहिली: बिल मानसोपचारतज्ज्ञाचंच लागतं, की चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचंही चालतं? मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी डॉक्टर, औषधं देणारे. थेरपी बहुतेकदा मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांच्या बिलावर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक नसेल तर क्लेम अडकू शकतो, आणि नुसतं ‘काउन्सेलर’ लिहिलेल्या बिलाचं तर आणखी कठीण. दुसरी: कुणाकडेही जाता येतं, की कंपनीच्या ॲपवरच्या यादीतल्यांकडेच? जिच्याशी तुमचं सूत जुळलंय ती थेरपिस्ट त्या यादीत नसेल, तर रायडर तुमच्या कामाचा नाही.

विमा निदानावर चालतो हेही ध्यानात घ्या. नवरा-बायकोचं किंवा करिअरचं समुपदेशन यात जवळपास कुठेच धरत नाहीत.

नोकरी असेल तर आधी तिथे बघा

ऑफिसच्या ग्रुप विम्यात जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ (क्लेम करण्याआधी थांबावं लागतं तो) बहुतेकदा माफ असतो, आणि काही ठिकाणी ओपीडीही असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन फुकट देतात. त्याचा विम्याशी संबंध नसतो, क्लेम भरावा लागत नाही. ही माहिती रुजू झाल्याच्या दिवशी एचआरने पाठवलेल्या, कुणीच न वाचलेल्या त्या लांबलचक मेलमध्ये पडून असते. ती शोधा. साहेबांना कळेल ही भीती रास्त आहे, म्हणून पहिल्याच फोनवर विचारा की कंपनीला नाव कळतं की किती जण आले एवढा नुसता आकडा. सेशन मोजकी असतात आणि नोकरी सुटली की तीही सुटतात, पण सुरुवातीला यापेक्षा स्वस्त काही नाही.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कापले जात असतील, तर तुमच्याकडे असा विमा आहे ज्यात ओपीडी मुळातच आहे, तीही कुटुंबासकट. तुमच्या भागातल्या ईएसआय रुग्णालयात मानसोपचार विभाग कोणत्या वारी चालतो आणि तिथे मानसशास्त्रज्ञ आहे का, एवढं जाऊन विचारा.

विम्याशिवायचा रस्ता

हा रस्ता म्हणजे सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतली मानसोपचार ओपीडी: मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही बाहेरच्या रुग्णांना तपासतात. पाटीवरच्या नावाला बिचकू नका. खर्च नाममात्र किंवा काहीच नाही. निदान आणि औषधांसाठी मी डोळे झाकून इथेच जायला सांगेन. निवांत, दर आठवड्याला, त्याच माणसासमोर बसणं मात्र इथल्या गर्दीत अवघड आहे, आणि सकाळची ओपीडी म्हणजे रजा टाकणं आलं. त्यामुळे औषधं सरकारी ओपीडीतून आणि थेरपी बाहेर, तीही पंधरवड्याला एकदा, अशी विभागणी बऱ्याच जणांना परवडते. फी कमी करता येईल का, हे थेरपिस्टला सरळ विचारा. अनेक जण उत्पन्न बघून फी घेतात, पण आपणहून सांगत नाहीत.

टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. नियमित थेरपीची जागा ते घेणार नाही. पण रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला, किंवा आपल्याला डॉक्टर हवा की थेरपिस्ट हेच कळत नसेल, तर तिथेच फोन करा.

थेरपी पुढच्या महिन्यात सुरू करायची म्हणून आज नवी मेडिक्लेम घेण्याला अर्थ नाही. आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. अर्जात जुने उपचार लपवले तर पुढे मोठा क्लेमही हातचा जातो. पॉलिसी घेतलीच आणि आतला मजकूर वेगळा निघाला, तर ३० दिवसांत परत करता येते. मानसिक आजार म्हणून क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा आणि कंपनीकडे तक्रार करा. ती फेटाळली, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा; कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, तक्रारीला फी नाही, पण ती वर्षाच्या आत करावी लागते.