तह कोणाशी होतो? वॉशिंग्टनमधलं ‘नेशन टू नेशन’ दालन

वॉशिंग्टनला आलेली मराठी मंडळी एअर अँड स्पेस म्युझियम बघतात, कॅपिटॉलसमोर फोटो काढतात आणि या दोहोंच्या मधली, वाऱ्यापाण्याने झिजलेल्या कड्यासारखी दिसणारी पिवळसर दगडी इमारत बाहेरूनच पाहून पुढे जातात. ते नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियन. 2004 साली उघडलं. प्रवेश फुकट, वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 5.30, सुट्टी फक्त 25 डिसेंबरची. तासदीड तासच हाताशी असेल तर बाकी सगळं सोडून लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर जावं. तिथे ‘नेशन टू नेशन’ आहे, अमेरिकेने मूळ रहिवाशांशी केलेल्या तहांचं दालन. सप्टेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या या दालनाची मांडणी सुझन शोन हार्जो यांची आहे.

‘रेड इंडियन टोळ्या’ हे शब्द आपल्या डोक्यात शाळेपासून बसलेले असतात. गोरे येण्याआधी यांची राष्ट्रं होती का, असं विचारलं की त्यामुळे उत्तर आधीच ‘नाही’कडे झुकलेलं असतं. तह म्हणजे काय, हे मात्र पुरंदर, सालबाई, वसई पाठ केलेल्यांना सांगायला नको. टोळीचा बंदोबस्त करतात, तह राज्याशी होतो. अमेरिकन सिनेटने मूळ रहिवाशांबरोबरचे साडेतीनशेहून जास्त तह मंजूर केले. दालनाचा सगळा युक्तिवाद या एका खुंटीवर टांगलेला आहे आणि खुंटी पक्की आहे.

तहाचे मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागारातून उसने आणलेले असतात. उजेडाने शाई उडते, म्हणून प्रकाश मंद ठेवलेला असतो आणि ठरावीक काळाने कागद बदलतात. वाचायचा चष्मा सोबत हवाच. कोणता तह लावलाय आणि दालन खुलं आहे ना, हे निघण्याआधी संकेतस्थळावर पाहावं. दालन सुरू झालं तेव्हा कॅनंडेग्वाचा तह लावला होता. 11 नोव्हेंबर 1794 चा, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या वतीने टिमथी पिकरिंगने केलेला. त्याचं कलम अन् कलम वाचण्यासारखं आहे. समोरच्या पक्षाला, म्हणजे इरोक्वॉयांच्या सहा राष्ट्रांच्या संघाला, त्यात ‘सिक्स नेशन्स’ म्हटलंय. हा अमेरिकन सरकारचाच शब्द. सहाव्या कलमात वर्षाला 4,500 डॉलरचा माल द्यायचं ठरलं. त्यातलं कापड अजून दरवर्षी पोहोचतं केलं जातं. रक्कम तीच राहिल्याने वाट्याला येणारा तुकडा लहान होत गेलाय, पण घेणारे तो सोडत नाहीत, कारण कापड येतंय तोवर तह जिवंत आहे. जमिनीबाबत मात्र हाच तह मोडला: 1965 मध्ये पुऱ्या झालेल्या किंझुआ धरणाखाली या सहांपैकी सेनेका राष्ट्राची सुमारे 10,000 एकर जमीन गेली.

इथपर्यंत दालन उत्तम. खोट पुढे आहे. 1794 चा कागद फार तर एवढं सिद्ध करतो की 1794 साली अमेरिकनांना समोर राष्ट्र दिसत होतं. ते राष्ट्र गोरे येण्याआधीपासून होतं की त्यांच्याशी लढता-लढता तयार झालं, याचा पुरावा त्यांच्या कागदात नसतो. तो असतो शिंपल्यांच्या मण्यांत. दालनात वॅम्पम, म्हणजे असे मणी गुंफून करार नोंदवणारे, पट्टे आहेत, पण लोक त्यांना नक्षीकाम समजून पुढे सरकतात. पट्टा वाचायचा कसा हे ठाऊक नसलेल्या माणसाला फलकावरच्या चार ओळी पुरत नाहीत. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी पट्टे, मग कागद.

पांढरा मणी शंखाचा, जांभळा क्वाहॉग नावाच्या शिंपल्याचा. जांभळ्या जमिनीवरचा हायावाथा पट्टा, म्हणजे या संघाची खूण, डोळ्यासमोर आणा. मधोमध झाड, म्हणजे ओनोंडागा, जिथे संघाचा विस्तव राखला जातो. दोन्हीकडे दोन-दोन चौकोन: पूर्वेला वनायडा आणि मोहॉक, पश्चिमेला कायूगा आणि सेनेका. पाचही एका पांढऱ्या रेघेने जोडलेले, आणि ती रेघ शेवटच्या चौकोनांपाशी न थांबता पट्ट्याच्या कडेपर्यंत जाते. आणखी कुणाला यायचं तर वाट मोकळी आहे, असा तिचा अर्थ. 1722 च्या सुमारास टस्करोरा आले आणि पाचांचे सहा झाले. मूळ पट्टा न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयाने 1989 मध्ये ओनोंडागांना परत केला.

बाहेरचे यांना इरोक्वॉय म्हणतात, ते स्वतःला हॉडेनोशोनी म्हणवतात, लांबघराचे लोक. मोहॉक पूर्वेच्या दाराचे राखणदार, सेनेका पश्चिमेच्या. संघाची स्थापना मौखिक परंपरेतल्या सूर्यग्रहणावरून काहीजण 1142 पर्यंत मागे नेतात, काहीजण ती पंधराव्या-सोळाव्या शतकात धरतात. दोन्ही तारखा या भागात आलेल्या हेन्री हडसनच्या 1609 मधल्या जहाजाआधीच्याच. सभेत 50 सरदार: मोहॉक 9, वनायडा 9, ओनोंडागा 14, कायूगा 10, सेनेका 8. मतदान नाही, त्यामुळे 14 वाल्यांची दादागिरीही नाही. विषय आधी मोहॉक-सेनेकांकडे, मग विस्तवापलीकडे वनायडा-कायूगांकडे, एकमत झालं की ओनोंडागांकडे शिक्क्याला. सरदार निवडते कुळाची थोरली बाई. तो बहकला तर तीन वेळा समज देतात, मग त्याची शिंगं, म्हणजे पद, काढून घेतात. युरोपात तेव्हा राजाला असं काढता येत होतं का, हा प्रश्न दालनाने ठळक अक्षरांत विचारायला हवा होता.

दुसरी खोट ‘नेशन’ या एकाच शब्दाने सगळ्यांना मोजण्याची. कॅलिफोर्नियात खेड्याएवढे स्वतंत्र समाज होते. त्यांना हॉडेनोशोनींच्या साच्यात घालण्यात अर्थ नाही. तरीही 1851-52 मध्ये सरकारने तिथल्या शंभरावर गटांशी 18 तह केले. सिनेटने ते बंद दाराआड फेटाळले आणि 1905 पर्यंत गुप्त ठेवले. तोवर जमिनी गेल्या होत्या. दालनाचा हा भाग सगळ्यात अस्वस्थ करणारा आहे, घाईत उरकू नये.

पुढचा उतार मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. 1802 च्या वसईच्या तहाने पेशवाई नावाला उरली; इथे 1831 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी या दुसऱ्या मूळ राष्ट्राला ‘अंतर्गत परावलंबी राष्ट्र’ ठरवलं. 1871 मध्ये तह करणंच कायद्याने थांबलं. आधी केलेले तह मात्र त्याच कायद्याने शाबूत ठेवले, आणि आजचे खटले त्यांवरच उभे राहतात.

बाकीचं थोडक्यात. तिसऱ्या मजल्यावर ‘अमेरिकन्स’: लोण्याच्या पुड्यापासून टॉमाहॉक क्षेपणास्त्रापर्यंत इंडियनांचं नाव आणि चित्र कुठेकुठे चिकटवलंय ते. मुलांना हेच जास्त आवडतं. तळमजल्यावर ‘मित्सिताम’ कॅफे, नावाचा अर्थ ‘चला, जेवू या’. पदार्थ प्रदेशवार, ऋतूप्रमाणे बदलणारे आणि महाग. शाकाहाऱ्यांनी मका, घेवडा, भोपळा या ‘तिघी बहिणीं’चं काही आहे का ते आधी विचारावं. घेवड्याच्या उसळीत मांसाचं पाणी आहे का, आणि फ्राय ब्रेड कशात तळतात, हेही. हा ब्रेड चवीला आपल्या भटुऱ्याचा भाऊ, पण प्राचीन वगैरे नाही. हुसकावलेल्या लोकांना सरकारी शिध्यात मैदा आणि चरबी मिळायची, त्यातून तो आला.

मेट्रोचं स्थानक लाँफाँ प्लाझा. मेरीलँड अ‍ॅव्हेन्यूकडच्या दाराने वर आलात तर चालणं कमी. गाडी आणू नका, संग्रहालयाला स्वतःची पार्किंग नाही. न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीनला याच संग्रहालयाची शाखा आहे, तीही फुकट, पण तहांचं दालन वॉशिंग्टनलाच. मुख्य दार पूर्वेला आहे, त्यामुळे तह वाचून बाहेर पडलं की समोर येतो तो कॅपिटॉलचा घुमट.