एक लिटरची स्टील थर्मास बाटली, आठ महिन्यांनंतर: बाटली टिकली, रिंग गेली

झाकणातली सिलिकॉनची रिंग सातव्या महिन्यात सैल पडली आणि सर्व्हिस सेंटरने ती सुटी द्यायला साफ नकार दिला. रिंग वेगळी येत नाही म्हणे, अख्खं झाकण घ्या. झाकण 480 रुपयांना आणि बाटली घेतली होती 1,250 ला. पंचवीस रुपयांच्या रबरासाठी ग्राहकाला चारशे ऐंशी मोजायला लावणं चूकच आहे, म्हणून इथे अर्धी जागा रिंगेलाच जाणार.

गारव्याबद्दल तक्रार नाही. नोव्हेंबर ते जून, अंतूर, देवगिरी, नळदुर्ग आणि गौताळ्याच्या वाटांवर बाटली सोबत होती. मे महिन्यात पारा 42 च्या वर असतानाही पहाटे साडेपाचला भरलेलं पाणी दुपारी तीनला दात शिवशिवतील इतकं गार मिळालं. मात्र भरण्याची पद्धत चुकली तर हीच बाटली कुचकामी वाटते. माठातलं 25 अंशांचं 750 मिली पाणी घेऊन त्यात 250 ग्रॅम बर्फ टाकला, तर जवळजवळ सगळा बर्फ ते पाणी गार करण्यातच संपतो. फ्रिजमधलं 5 अंशांचं पाणी घेतलं तर जेमतेम पन्नास ग्रॅम वितळतो आणि उरलेला दोनशे ग्रॅम दिवसभर कामाला येतो. रिकामी बाटलीही रात्री झाकण काढून फ्रिजमध्ये ठेवावी. बर्फाचा चुरा नको, तोंडातून जेमतेम आत जातील एवढे मोठे तुकडे टाकावेत, ते हळू वितळतात.

आता रिंग. पहिल्या दोन महिन्यांत हे लिहिलं असतं तर ‘गळकी बाटली, घेऊ नका’ असंच लिहिलं असतं. ते मत बदलावं लागलं, कारण दोष बसवण्यात होता. ही रिंग साधी गोल नाही. तिच्या एका कडेला पातळ ओठ आहे आणि तो खाली, पाण्याच्या बाजूला यायला हवा. धुऊन उलटी बसवली की झाकण नेहमीसारखंच घट्ट लागतं, पण बाटली आडवी झाली की आट्यांच्या शेवटच्या वेढ्यावर एक थेंब जमतो, मग दुसरा. दोन तासांत पिशवीतल्या धपाट्यांना ओल लागते, आणि ओले धपाटे उन्हात संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. कंपनीच्या कागदावर या ओठाबद्दल एक अक्षर नाही.

रिंग काढायला सुरीचं टोक वापरू नये. केसाएवढी चीर पडली तरी गळती तिथूनच सुरू होते. चमच्याच्या दांड्याची बोथट बाजू पुरते.

ताकाने या रिंगेचं सर्वांत जास्त नुकसान केलं. फोडणीच्या ताकातलं तेल आणि हिंग सिलिकॉन धरून ठेवतं, नंतर साध्या पाण्यालाही तोच वास येतो. सोडा घातलेल्या पाण्यात रिंग पाच मिनिटं उकळली की वास कमी होतो, पूर्ण जात नाही. शिवाय ताक कोमट झालं की आंबतं, वायू धरतो आणि झाकण उघडताना ताक उसळून अंगावर येतं. ताक न्यायचंच असेल तर बिनफोडणीचं, बर्फासकट आणि दुपारच्या आत संपेल एवढंच न्यावं. उन्हात चढाईसाठी साखर-मीठ-पाणी जास्त सोयीचं: 1 लिटरला 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मात्र त्याच दिवशी बाटली धुवावी, मीठ आत राहिलं तर स्टीलवर बारीक खड्डे पडतात. ब्लीचही त्याच कारणाने नको.

बोअरचं जड पाणी उकळून भरत असाल तर तळाशी पांढरट थर बसतो, त्याला गंज समजू नका. कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून दोन तास ठेवलं की तो सुटतो.

सैल पडलेल्या रिंगेला पर्याय मिळाला. मोंढ्याजवळच्या मोटारपंपाच्या दुकानात काळी ओ-रिंग दहा रुपयांत मिळते, पण ती घेऊ नये. ती यंत्रातल्या तेलासाठी केलेली असते, पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे. कुकर आणि मिक्सरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे जुनी रिंग सोबत न्यावी, आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मोजून घ्यावी आणि दुधी रंगाची, खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉन रिंग मागावी. 25 रुपये लागले. व्यास किंचित कमी असला तर ताणून बसते. जास्त असला तर खाचेत पीळ पडतो आणि गळते.

बसवल्यावर गरम पाणी भरा, वर बोटभर जागा सोडा, मिनिटभराने झाकण पुन्हा एकदा आवळा आणि बाटली वर्तमानपत्रावर दहा मिनिटं उलटी ठेवा. याच वेळी बाहेरून सगळीकडे हात फिरवून बघा. भिंत गरम लागली तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली, मग रिंग बदलून काही होत नाही.

इथे कागद कोरडा राहिला आणि भिंतही गार लागली. पाच आठवडे झाले, गळती नाही. त्याच मापाची दुसरी रिंग घेऊन प्रथमोपचाराच्या डबीत ठेवली आहे.