चहाच्या बॉयलरमध्ये बीअर: ३० लिटरचा केटरिंग बॉयलर कितपत कामाचा?

ब्रिटनमध्ये चर्चच्या हॉलपासून मराठी मंडळाच्या गणेशोत्सवापर्यंत जिथे शंभर माणसांचा चहा लागतो, तिथे हा उभा स्टीलचा बॉयलर हमखास दिसतो. ३० लिटरचं भांडं, बुडाशी एलिमेंट, पुढे तोटी आणि १३ अँपियरचा साधा प्लग. घरी बीअर बनवणाऱ्यांनी तो फार पूर्वीच आपलासा केला आहे, कारण किंमत तयार ब्रूइंग यंत्रांच्या निम्म्याहून कमी पडते आणि २.५ किलोवॅटचा एलिमेंट या कामाला पुरेसा आहे. उणेपणा दोनच जागी आहे, थर्मोस्टॅट आणि तोटी. दोन्ही चहासाठी बनवलेले असतात, आणि बीअरला बहुधा नेमके तेच दोन भाग बदलावे लागतात.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी पिण्यापुरती बीअर बनवायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. त्यामुळे पुढचं सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी.

घेताना पहिल्यांदा भिंत बघा, एकेरी की दुहेरी. दुहेरी भिंतीचा बॉयलर बाहेरून कमी तापतो, म्हणून दुकानात तोच बरा वाटतो. पण नवी तोटी बसवताना भोक दोन्ही पत्र्यांतून पाडावं लागतं, आणि वॉशर जरा जरी सैल राहिला तरी गोड वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) काढा, दोन पत्र्यांच्या मधे झिरपतं. तिथून ते खाली वायरिंगपर्यंत पोचतं. एकेरी भिंतीचा घ्या आणि बाहेरून कॅम्पिंगच्या चटईचे दोन वेढे मारा. चटई बुडापासून चार बोटं वर ठेवा आणि जोरदार उकळीच्या वेळी काढून घ्या.

मग बूड. काहींत एलिमेंटची वेटोळी उघडी दिसते, काहींत ती सपाट बुडाखाली लपलेली असते. सपाट बूड घासायला सोपं, पण त्याला लागतंही लवकर. माल्टचं पीठ आणि गाळ बुडावर बसतो, त्या थराखालची उष्णता वर्टात जात नाही, पत्रा भलताच तापतो. बुडाला खालून चिकटवलेली एक छोटी चकती कोरडं भांडं तापू नये म्हणून वीज तोडते. हा कटआउट ऐन उकळीत पडतो आणि माणूस एलिमेंट जळाला असं समजतो. बऱ्याच बॉयलरमध्ये तो पुन्हा चालू करायचं बटण बुडाखालीच असतं, आणि वर २५ लिटर उकळतं वर्ट. भांडं कलतं करून खाली हात घालायचा नाही. प्लग काढा, तोटीतून सगळं वर्ट बादलीत घ्या, बूड घासून काढा, मग बटण दाबा. अर्धा तास जातो, बीअर बिघडत नाही.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्क्रू उघडण्याआधी करून घ्या. २० लिटर पाणी भरा, खुंटी शेवटपर्यंत फिरवा, उकळी आली की झाकण काढून दहा मिनिटं बॉयलरच्या दिव्याकडे बघत राहा. दिवा अखंड पेटलेला आणि पाणी मधून वर उसळत राहिलं, तर थर्मोस्टॅटला हात लावायची गरजच नाही. दिवा विझतो-पेटतो आणि विझला की पृष्ठभाग शांत होतो, तर तो ९५-९७ अंशांवर वीज तोडतोय. चहाला ते चालतं. बीअरला तासभर खळखळून उकळी हवी, कारण हॉप्सचा (बीअरमध्ये घालायच्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा उकळीतच उतरतो, प्रथिनं साकळून खाली बसतात, आणि माल्टमधल्या एका घटकापासून तयार होणारा, उकडलेल्या मक्यासारखा वास देणारा डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) वाफेबरोबर निघून जातो. याच कारणाने उकळीच्या वेळी झाकण पूर्ण लावायचं नाही.

वीज तोडणारा थर्मोस्टॅट वगळायचा असेल तर त्याच्या दोन टोकांच्या वायरी उष्णतारोधक कनेक्टरने एकमेकींना जोडतात. कटआउटला मात्र अजिबात हात लावायचा नाही, तो त्याच मार्गात राहिलाच पाहिजे. वायरिंगची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाहेरून एसटीसी-१००० सारखा तापमान राखणारा स्वस्त कंट्रोलर लावायचा मोह होतो, पण त्याचा रिले (आतला विजेचा स्विच) १० अँपियरचा आणि २३० व्होल्टला २.५ किलोवॅट म्हणजे जवळजवळ ११ अँपियर. थोड्याच दिवसांत रिलेची टोकं चिकटतात. मधे कॉन्टॅक्टर (जास्त प्रवाह झेलणारा स्विच) किंवा २५ अँपियरचा एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले) हवाच, आणि एसएसआरला ॲल्युमिनियमचा हीटसिंक. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो, कटआउट जपायचा तो यासाठीही. अर्थिंगची वायर भांड्याला घट्ट जोडलेली आहे ना ते तपासा, ३० मिलिअँपियरच्या आरसीडीशिवाय (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) चालवू नका, आणि गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनच्या रिळावर तर कधीच नको, आतली वायर वितळते.

आता तोटी. मूळची चहाची तोटी बारीक तोंडाची, हॉप्सचं एक पान अडकलं की थेंब थेंब. तिच्या जागी अर्धा इंच बीएसपीचा (ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५ मि.मी., म्हणून भोक २१ मि.मी. हवं. पायऱ्यापायऱ्यांचं स्टेप ड्रिल घ्या, वेग कमी ठेवा, तेलाचे थेंब सोडत राहा. पत्रा तापून निळा पडला की कडक होतो आणि मग ड्रिलच बोथट होतं. भोकाची कड आतून-बाहेरून कानशीने घासून गुळगुळीत करा, वॉशर कापला जातो तो याच कडेने. वॉशर सिलिकॉनचा आणि आतल्या बाजूला. ऑनलाइन घेताना बीएसपी आणि अमेरिकन मापाचा एनपीटी यांची गफलत होते: अर्ध्या इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४च, त्यामुळे फिरवल्यावर बसल्यासारखे वाटतात, पण आट्याचा कोन बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६०, आणि गळती कायमची. वॉरंटी पहिल्या भोकालाच संपते, म्हणून दिव्याची परीक्षा आधी, ड्रिल नंतर.

आतल्या बाजूला व्हॉल्व्हला स्टीलच्या जाळीची नळी जोडा. अख्ख्या पानांचे हॉप्स वापरलेत तर पानांचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. पेलेट (हॉप्सचा भुगा दाबून केलेल्या गोळ्या) मात्र जाळीवर लेप धरून ती बंद करतात, ते कापडी पिशवीतच टाका.

या भांड्यात बसणारा घाणा असा: २५ लिटर पाणी आणि ४ किलो मॅरिस ऑटर (जवाची एक इंग्लिश जात) माल्टची भरड. ५ किलोचा हट्ट नको, दर किलो माल्ट जवळजवळ पाऊण लिटर जागा घेतं आणि ढवळताना काठावरून सांडतं. बुडाशी तीन-चार सेंटिमीटर उंचीची स्टीलची जाळी ठेवून वर पिशवी लावा, पिशवी थेट बुडाला टेकली तर करपते. नळाच्या १५ अंशांच्या पाण्याला ६९ अंशांपर्यंत यायला पाऊण तास लागतो. वीज बंद करून भरड ढवळत घाला, तापमान ६६ वर स्थिरावेल. चटई गुंडाळून तासभर ठेवा, एक-दोन अंश उतरले तर चालतं. मधे एलिमेंट चालू करायचाच असेल तर सतत ढवळत.

मग पिशवी उचलून चोथा निथळू द्या आणि बादलीवर धरून त्यावरून ३ लिटर गरम पाणी सोडा. हे धुवण भांड्यात एकदम ओतू नका. उकळीच्या जरा आधी फेसाचा जाड थर फुगून दुधासारखा उतू जातो, तो खाली बसल्यावर थोडं थोडं घाला. पहिली दहा मिनिटं लाकडी उलथन्याने बूड खरवडत राहिलात तर कटआउट सहसा पडत नाही. तासाभरात साधारण ३ लिटर वाफ होते, गाळ-हॉप्स जाऊन २० लिटरच्या आसपास हाती लागतं, घनता १.०४० च्या जवळ. इंग्लिश बिटरला हे अगदी योग्य, ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे ४०-५० ग्रॅम हॉप्स पुरतात. साडेसहा-सात टक्के अल्कोहोलची आयपीए (जास्त हॉप्सची कडक बीअर) करायची असेल तर हा बॉयलर लहान पडतो, मोठं भांडं बघा.

थंड करायला, म्हणजे आतून नळाचं गार पाणी वाहवायला, १० मि.मी.ची तांब्याची ८-१० मीटर नळी वेटोळी करून, उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत आत सोडा म्हणजे ती निर्जंतुक होते.

धुताना तारेची घासणी नको. कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर ठेवलं की तळाला लागलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. लंडनचं पाणी जड आहे, तिथे चार-पाच घाण्यांनंतर बुडावर चुन्याचा पांढरा थरही चढतो आणि तोही कटआउट पाडतो. त्यासाठी सायट्रिक ॲसिड, लिटरला दोन चमचे, पाणी ६० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास. तोटी दर वेळी उघडून धुवा. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागे वर्ट साचून राहतं, आणि पुढच्या बीअरला येणारा आंबूस वास बहुधा तिथूनच आलेला असतो.