आठ महिने हायब्रिड प्रीअ‍ॅम्प वापरला, आणि ट्यूबचा नॉब बहुतेक वेळा शून्यावरच असतो

घेऊन आठ महिने झाले, जवळपास रोज चालू असतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, अशा धाटणीचे बरेच निघतात. प्रीअ‍ॅम्प म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, आणि हायब्रिड म्हणजे त्यात ट्रान्झिस्टर आणि ट्यूब दोन्ही. माझ्यातली रचना अशी की माइकचा सिग्नल आधी ट्रान्झिस्टरच्या स्टेजमधून वर येतो, मग त्याच्या दोन वाटा होतात, एक सरळ बाहेर आणि दुसरी १२एएक्स७ ट्यूबमधून (काचेची व्हॅक्यूम ट्यूब), आणि ब्लेंडच्या नॉबने दोन्ही पाहिजे तसे मिसळायचे.

पहिला महिना नॉब कायम ट्यूबकडे फुल्ल! आवाज काय भरीव येतो म्हणून भेटेल त्याला ऐकवत सुटलो होतो. मग एका रात्री तीच ओळ दोन्हीकडून रेकॉर्ड केली, मीटर बघितला तर ट्यूबवाला टेक जवळजवळ २ डीबी (डेसिबल) मोठा. मोठं वाजलं की कानाला चांगलंच वाटतं, झालं. लेव्हल सारखी करून डोळे मिटून पाच वेळा ऐकलं, त्यात तीनदा चुकलो.

मग ट्यूब काय नुसती शोभेची? तसंही नाही, पण दाबल्याशिवाय ती काही करत नाही. इनपुट गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) चढवायचा आणि आउटपुट तेवढाच उतरवायचा, मग दुसरा हार्मोनिक, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकातला, हळूच आवाजात मिसळायला लागतो. बेस गिटारवर हे जबरदस्त काम करतं. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास, ती छोट्या स्पीकरला झेपतच नाही, पण वरचे हार्मोनिक झेपतात, त्यामुळे आधी फोनवर गायब होणारा बेस आता निदान कुठे चाललाय ते कळतं. गाण्याच्या बाबतीत मात्र पोपट झाला. वाटलं होतं टोचणारे स आणि श ट्यूबने मऊ होतील, उलट जास्त दाबलं की ते फरफरायला लागले, शेवटी माइक तोंडासमोरून थोडा तिरका केला तेव्हा सुटलो.

एक मूर्खपणा माझाच. सुरुवातीला याचा आउटपुट मी इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) माइक इनपुटमध्येच घालत होतो, म्हणजे प्रीअ‍ॅम्पवर परत प्रीअ‍ॅम्प, आणि वर हिस (मागे सतत येणारा सूं आवाज) येतो म्हणून बोंब. लाइन इनपुटला, म्हणजे आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठी असतो त्याला, लावल्यावर अर्धी तक्रार संपली. उरलेला हिस डायनॅमिक माइकला येतो, कारण त्या माइकचा सिग्नलच बारीक, हळू बोलणाऱ्या माणसाला ६० डीबीच्या आसपास गेन द्यावा लागतो आणि तिथे ट्रान्झिस्टरची बाजू सरळसरळ शांत आहे, म्हणून बोलण्याच्या कामाला ब्लेंड शून्यावर.

पाचव्या महिन्यात भलतंच सुरू झालं. रेकॉर्डिंग चालू करायला स्पेसबार दाबला की प्रत्येक टेकच्या सुरुवातीला बारीकसा टण्ण! आधी केबलवर संशय, मग माइकच्या स्टँडवर, दोन दिवस त्यात गेले. मग सहज डब्याच्या झाकणावर टिचकी मारली आणि हेडफोनमध्ये घंटा वाजली. ट्यूब मायक्रोफोनिक झाली होती, म्हणजे आतली जाळी हलते तेच सिग्नल म्हणून बाहेर येतं, आणि डबा माझा कीबोर्डच्याच टेबलावर. प्लग काढून बराच वेळ थांबलो (आत कपॅसिटर असतात, प्लग काढला तरी त्यांच्यात वीज साठून राहते, घाई करू नका) आणि दुसरी १२एएक्स७ बसवली, डबाही टेबलावरून खाली उतरवला. टण्ण गेला, हिसही जरा कमी झाला.

बाकी, चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू देतो, आणि वरती काही ठेवत नाही, डबा चांगलाच गरम होतो. समोरच्या जाळीतून जो नारिंगी उजेड दिसतो ना, तो ट्यूबचा नाही बरं का, मागे एलईडी आहे, ट्यूब बदलताना दिसला आणि एकटाच हसलो.

जुनी ट्यूब फेकलेली नाही. मायक्रोफोनिक म्हणजे काय असं कोणी विचारलं की ती परत बसवतो आणि टिचकी मारून ऐकवतो.